४५ व्या वर्षी आयुर्मानाचा तक्ता कसा वाचावा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजले ते तुम्हालाही कळेल.

तुमचं वय ४५, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला, निवृत्ती साठीला. भारताचं सरासरी आयुर्मान ७० आहे असं वाचल्यामुळे निवृत्तीनंतर दहा वर्षांची सोय केली की भागेल, असा तुमचा हिशोब आहे. एजंट मात्र ८५ पर्यंतचा टर्म प्लॅन (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या म्हणतात. विमा कंपन्यांच्या तक्त्यात ४५ समोर ०.००२५७९ हा आकडा तुम्हाला दिसला. त्याला २५ ने गुणल्यावर सत्तरीच्या आत मृत्यू येण्याची शक्यता जेमतेम साडेसहा टक्के आली, आणि ‘मग इतकी माणसं सत्तरीच्या आत जातात कशी’ असं तुम्ही विचारलंत. आई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही ‘तिचं आयुर्मान तर उलटून गेलं’ असं लिहिलंत. शेवटी वडिलांचं लिहिलंत. ते ५८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि आपलंही तसंच होणार असं तुम्हाला वाटतं.

मी अ‍ॅक्चुअरी आहे, म्हणजे विम्यातली आणि पेन्शनमधली जोखीम गणिताने मोजणारी. बरीच वर्षं आयुर्विमा कंपनीत हप्ते ठरवण्याचं काम केलं, आता मुंबईतच वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्रॅच्युइटीची आणि पेन्शनची मूल्यांकनं करते. हे तक्ते माझ्या रोजच्या कामाचे आहेत. तुमचे प्रश्न वरवर चार-पाच दिसतात, पण मुळाशी गाठ एकच आहे. तक्त्यातला प्रत्येक आकडा ‘कोणत्या वयापर्यंत जिवंत पोचलेल्या माणसांचा’ हे धरून लिहिलेला असतो. तो भाग वाचताना सुटला की ७० हा आकडाही चुकीचा वाचला जातो आणि ०.००२५७९ हाही.

तुम्ही तुमची तब्येत, तंबाखू-सिगारेटची सवय, कर्ज, पत्नीचं वय आणि उत्पन्न यांबद्दल काही लिहिलेलं नाही. त्यामुळे विमा किती रुपयांचा घ्यावा हे मी सांगू शकत नाही. किती वयापर्यंतचा घ्यावा आणि पैसा किती वयापर्यंत पुरवावा, एवढं मात्र बरंच ठामपणे सांगता येईल.

आधी तो छोटा आकडा घेऊ. तो ‘इंडियन अशुअर्ड लाइव्ह्ज मॉर्टॅलिटी २०१२-१४’ या तक्त्यातला आहे. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाचा हा तक्ता एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्याचा अर्थ असा: ४५ वर्षं पूर्ण केलेली एक लाख विमाधारक माणसं घेतली, तर त्यांचा ४६ वा वाढदिवस येण्याआधी त्यांच्यातली सुमारे २५८ दगावतील. हा दर एका वर्षाचा आहे आणि तोही ४५ पर्यंत पोचलेल्यांचाच. ४६ व्या वर्षासाठी वेगळा आकडा, ४७ साठी त्याहून वेगळा. आम्ही बोलताना त्याला ‘क्यूएक्स’ म्हणतो, त्यातला ‘एक्स’ म्हणजे वय.

त्याच तक्त्यातले आणखी काही आकडे बघा. ३० व्या वर्षी ०.०००९७७, ४० ला ०.००१६८०, ५० ला ०.००४४३६, ५५ ला ०.००७५१३ आणि ६० ला ०.०१११६२. हजारी भाषेत सांगायचं तर तिशीत हजारी एक, चाळिशीत १.७, पन्नाशीत ४.४, साठीत ११. चाळिशीनंतर हा दर साधारण सात-साडेसात वर्षांनी दुप्पट होतो. लंडनच्या बेंजामिन गॉम्पर्ट्झने १८२५ मध्ये हे दाखवून दिलं होतं की प्रौढ वयात मृत्युदर चक्रवाढीने चढतो. पुढे १८६० मध्ये विल्यम मेकहॅमने त्यात वयाशी संबंध नसलेला एक स्थिर भाग जोडला, म्हणजे अपघातासारखी कारणं. दोनशे वर्षांत औषधं बदलली, रोग बदलले, दर खूप खाली आले, तरी चढणीची ही घडण टिकून आहे. मला स्वतःला या शास्त्रातलं सगळ्यात थक्क करणारं हेच वाटत आलं आहे.

तो स्थिर भाग आपल्या तक्त्यात स्वच्छ दिसतो. २० व्या वर्षी दर ०.०००९२४ आहे, २५ ला ०.०००९३१ आणि ३० ला ०.०००९७७. दहा वर्षांत जवळजवळ हलतच नाही, कारण या वयात माणसं म्हातारपणाच्या आजारांनी जात नाहीत. ती अपघाताने जातात, आत्महत्येने जातात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर, कोविडची वर्षं वगळली तर, वर्षाला दोन हजारांच्या वर मृत्यू होत आले आहेत. त्यांत कमावत्या वयाचे किती असतात हे डोंबिवलीकराला सांगायला नको.

आता तुमचा गुणाकार. तुम्ही ४५ चा दर पुढची २५ वर्षं तसाच धरलात, आणि दर तर दरवर्षी चढतो. साठीपर्यंतचंच करून बघू. तुमच्या पद्धतीने ०.००२५७९ गुणिले १५, म्हणजे ३.९ टक्के. प्रत्येक वयाचा स्वतंत्र दर घेऊन नुसती बेरीज केली तर उत्तर ८.९ टक्क्यांच्या आसपास जातं. तेही थोडं जास्त आहे, कारण ५५ चा दर फक्त ५५ पर्यंत राहिलेल्यांना लावायचा असतो. योग्य रीत अशी: दरवर्षी जगण्याची शक्यता काढायची (पहिल्या वर्षी १ वजा ०.००२५७९, म्हणजे ०.९९७४२१) आणि या पंधरा शक्यता एकमेकींशी गुणायच्या. उत्तर साधारण ०.९१५ येतं. म्हणजे आज ४५ चे असलेले हजार विमाधारक घेतले, तर त्यांतले सुमारे ९१५ साठीला पोचतील आणि ८५ नाही. तुमच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. हाच गुणाकार सत्तर, ऐंशीपर्यंत नेला की ‘माणसं जातात कशी’ याचं उत्तर तक्ताच देतो.

इथे एक फरक नीट समजून घ्या, बहुतेक जण इथेच अडखळतात. ‘८० व्या वर्षी मरण्याची शक्यता’ या शब्दांत दोन निराळे प्रश्न लपलेले असतात. पहिला, आज ८० वर्षांच्या असलेल्या माणसाची वर्षभरात जाण्याची शक्यता किती. दुसरा, आज ४५ वर्षांचा असलेला माणूस नेमका ८० व्या वर्षी जाईल याची शक्यता किती. सीएसएमटीहून सुटलेली कर्जत लोकल डोळ्यांसमोर आणा आणि वाटेत नवीन कोणी चढत नाही असं धरा. ठाणे, डोंबिवली, कल्याणला उतरणाऱ्यांचे लोंढे मोठे असतात. बदलापूरच्या पुढे डब्यात माणसंच थोडी उरतात, त्यामुळे नेरळला उतरणारे मोजून थोडेच. पण डब्यात उरलेल्यांपैकी उतरणाऱ्यांचं प्रमाण बघाल तर ते शेवटाकडे वाढत जातं, आणि कर्जतला तर सगळेच उतरतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे प्रमाण. ते वयाबरोबर चढतच राहतं. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे फलाटावर उतरलेल्यांची संख्या. ती आधी वाढते, सत्तरीच्या शेवटाकडे किंवा त्याच्या आसपास कळसाला पोचते आणि मग उतरते, कारण जाण्यासाठी माणसंच कमी उरलेली असतात.

म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने असतात. सुरुवातीला एक लाख जन्म धरतात, प्रत्येक वयाला त्यांतले किती उरले ते लिहितात आणि त्या वर्षात किती गेले ते शेजारी लिहितात. उरलेल्यांच्या रकान्याची खालपर्यंत बेरीज करून, त्या वयाला जिवंत असलेल्यांच्या संख्येने भागलं, की त्या वयापासून पुढच्या आयुष्याची सरासरी निघते. याचा अर्थ आयुर्मान हा एकच आकडा नसतो. प्रत्येक वयाचं आयुर्मान वेगळं असतं.

तुम्ही वाचलेलं ७० हे या रकान्यातलं सगळ्यात पहिलं घर आहे, शून्य वयाचं. भारताच्या महानिबंधकांचं कार्यालय नमुना नोंदणी योजना चालवतं, तिच्या २०१६-२० च्या तक्त्यात जन्मावेळचं आयुर्मान ७०.० आहे. पुरुषांचं ६८.६, स्त्रियांचं ७१.४. त्यात अगदी तान्ह्या बाळांचे मृत्यूही आले. २०२० मध्ये भारतात हजार जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत जात होती. एकेका बाळाची साधारण सत्तर वर्षं गेली असं धरलं, तर हजारांत विभागून सरासरी जवळजवळ दोन वर्षांनी खाली येते. हे फक्त पहिल्या वर्षाचं झालं. त्यानंतर लहान मुलं, तरुण, पन्नाशीच्या आत गेलेले, सगळे त्या सत्तरात मोजलेले आहेत. तुम्ही ४५ वर्षं पार केलीत. त्या सगळ्या मृत्यूंचा तुमच्या पुढच्या वर्षांशी आता काही संबंध उरलेला नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मावेळचं आयुर्मान सुमारे ३२ होतं. त्या वेळी माणसं तिशीत म्हातारी होत नव्हती. आपल्या घरांत पणजीच्या बाळंतपणांची गोष्ट कोणाला तरी आठवत असते: इतकी झाली, त्यातली इतकीच जगली. जी जगली त्यांतली कित्येक सत्तरी-पंचाहत्तरी बघून गेली. ३२ हा आकडा मुख्यतः न जगलेल्या मुलांनी खाली ओढलेला होता.

मग तुमच्या उपयोगाचं घर कुठलं? निवृत्तीसाठी साठीचं. भारतात साठीला पोचलेल्या माणसापुढे सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं असतात. म्हणजे ७८, स्त्रियांचं त्याहून थोडं जास्त. हा आकडा सगळ्या देशाचा आहे: खेड्यातले, शहरातले, दवाखाना जवळ असलेले आणि नसलेले सगळे त्यात आले. नोकरदार, नियमित उत्पन्न आणि उपचारांची सोय असलेल्या कुटुंबात तो याहून कमी असायचं कारण मला दिसत नाही. थोडक्यात, तुम्ही दहा वर्षांची सोय केली आहे आणि साठीनंतरची नुसती सरासरीच अठरा वर्षांची आहे.

पण मी तुम्हाला १८ वरही थांबू देणार नाही. सरासरी म्हणजे मुदत नव्हे. साठीला पोचलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसं सरासरीच्या पुढे जातात, आणि पुढे म्हणजे काही महिने नव्हे, पाच-दहा-पंधरा वर्षं. सरासरीपर्यंत पुरेल एवढाच पैसा साठवला, तर पैसे संपून माणूस उरण्याची शक्यता साधारण निम्मी. शिवाय तुम्ही दोघं आहात. समजा नवऱ्याची ८५ पार करण्याची शक्यता ४० टक्के आणि बायकोची ५० टक्के आहे (हे आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतले आहेत). तर दोघांपैकी एक तरी ८५ पार करण्याची शक्यता किती? दोघंही पार न करण्याची ०.६ गुणिले ०.५, म्हणजे ३० टक्के. उरलेले ७० टक्के. आपल्याकडे बायको सहसा वयाने लहान असते आणि स्त्रिया जगतातही जास्त, त्यामुळे घर ज्या पैशावर चालतं तो शेवटी तिच्या वयाप्रमाणे पुरावा लागतो. मी कुणालाही सल्ला देताना पत्नीचं वय ९० होईपर्यंत धरते. कुटुंबात नव्वदीची माणसं असतील तर ९५.

आता तक्ता कोणाचा, हा भाग. यावर थोडं थांबते, कारण मुंबईत राहून हे तक्ते वापरणाऱ्याने हे जाणलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मृत्युदर म्हणजे अपूर्णांक. वर मृत्यू, खाली त्या वर्षात जिवंत असलेली माणसं. वरची माणसं खालच्याच माणसांतली असायला हवीत, नाहीतर अपूर्णांकाला अर्थ राहत नाही. मुंबईत हे जमवणं अवघड आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. टाटा मेमोरियलला, केईएमला देशभरातून रुग्ण येतात. त्यांतले काही इथेच जातात आणि त्यांचे मृत्यू मुंबईच्या खात्यात पडतात, पण शहराच्या लोकसंख्येत ते कधीच नव्हते. उलट बाजूने, गिरणगावातल्या कित्येक माणसांनी उमेद इथे घालवली आणि म्हातारपणी ती रत्नागिरीला, सिंधुदुर्गाला, साताऱ्याला गावच्या घरी परतली. त्यांची कमावती वर्षं मुंबईच्या खाली आणि मृत्यू गावाच्या वर. त्यात सतत येणारी तरुण माणसं. म्हणून ‘मुंबईत वर्षाला इतके मृत्यू, भागिले लोकसंख्या’ असा आकडा कुठे दिसला तर त्यावरून स्वतःच्या आयुष्याबद्दल काही ठरवू नका.

ही अडचण जुनी आहे. लंडनच्या जॉन ग्राँटने १६६२ मध्ये तिथल्या मृत्युनोंदींवरून पहिल्यांदा असा हिशोब मांडला, पण त्या नोंदींत वयच लिहिलेलं नसायचं. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने, त्याच धूमकेतूवाल्या हॅलीने, वयासह केलेला तक्ता प्रसिद्ध केला तेव्हा त्याने लंडन घेतलं नाही. ब्रेसलाऊ नावाचं शहर घेतलं, आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. लंडनमध्ये बाहेरून येणाऱ्यांची एवढी रीघ होती की जन्म आणि मृत्यू यांचा मेळच बसत नव्हता. ब्रेसलाऊला ये-जा कमी होती आणि तिथल्या नोंदींत वय लिहिलेलं होतं.

वयाचीही आपल्याकडे वेगळीच कथा आहे. महाराष्ट्रात कित्येक ज्येष्ठांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. जनगणनेत वय विचारलं की ६०, ६५, ७० असे गोल आकडे भरपूर येतात आणि मधली वयं ओस पडतात. तक्ता करताना हे खाचखळगे गणिताने सपाट करावे लागतात. तक्त्याची वरची टोकं, नव्वदीच्या पुढची, नेहमी थोडी सैल हातानेच वाचावीत.

विमा कंपन्यांच्या तक्त्याला लोकसंख्येची ही अडचण नसते. पॉलिसी कधी सुरू झाली, वय किती होतं, दावा कधी आला, सगळं नोंदलेलं असतं. पण ती माणसं निवडलेली असतात. अर्ज भरताना तब्येत विचारली जाते, मोठ्या रकमेला रक्त, लघवी, ईसीजी होतं, आजारी माणसाला जादा हप्ता लागतो किंवा नकार मिळतो. त्यामुळे विमाधारकांचे दर सामान्य लोकसंख्येपेक्षा कमी असतात आणि नुकत्याच तपासणी झालेल्यांचे त्याहून कमी. उलट, आजन्म पेन्शन विकत घेणारी माणसं स्वतःच स्वतःला निवडतात. ज्याला आपण फार जगणार नाही असं वाटतं तो पेन्शनमध्ये पैसे गुंतवत नाही. म्हणून पेन्शनसाठी वेगळा तक्ता असतो. आधी एलआयसीचा १९९६-९८ चा होता, नंतर २०१२-१५ चा आला.

या तक्त्यांचा आपला इतिहास मुंबईशीच बांधलेला आहे. १९ व्या शतकात इथे विमा विकणाऱ्या परदेशी कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. १८७४ मध्ये इथेच ओरिएंटल निघाली. तिच्या विमाधारकांच्या १९२५-३५ मधल्या अनुभवावरून केलेला तक्ता पुढे अनेक वर्षं वापरात होता, १९५६ मध्ये एलआयसी स्थापन झाल्यानंतरसुद्धा. आपल्या माणसांचे दर आपल्याच माणसांच्या नोंदींवरून काढायचे, हे मिळवायला वेळ लागला. म्हणूनच कोणी इंग्लंड-अमेरिकेचा तक्ता पुढे करून ‘तुमचं आयुष्य मोजा’ म्हणालं तर मी तो बाजूला ठेवते.

आणखी एक मर्यादा. हे सगळे तक्ते काही ठराविक वर्षांचं चित्र असतात. आजचे ४५ चे दर, आजचे ६० चे, आजचे ८० चे एकाखाली एक ठेवून केलेले. तुम्ही ८० चे व्हाल तेव्हाचे दर आज कुणालाच माहीत नाहीत. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात पसरला आणि त्या साथीने विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं जास्त नेली. १९११-२१ या दशकाच्या तक्त्यात भारताचं आयुर्मान विसाच्या आसपास दिसतं. त्या दशकाची परिस्थिती कायम राहिली असती तर काय झालं असतं, एवढंच तो आकडा सांगतो. ती कायम राहिली नाही. अधूनमधूनचे असे खड्डे सोडले तर दर खाली येत गेले आहेत. त्यामुळे तुमच्यासाठी आजचा तक्ता चुकलाच तर आयुष्य कमी दाखवण्याच्या बाजूने चुकण्याची शक्यता जास्त आहे.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: ४५ चा दर एका वर्षापुरता, तो दरवर्षी चढतो, जगण्याच्या शक्यता गुणायच्या असतात, ७० हे नवजात बाळाचं आयुर्मान आहे आणि निवृत्तीसाठी साठीपासून पुढचं बघायचं.

वडिलांच्या बाबतीत तुम्ही जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. ५८ हे जाण्याचं वय नव्हे. पण त्यावरून तुमचं वय ठरत नाही, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाही. कामात रोज दिसणारं एक उदाहरण देते. दोनशे कामगारांच्या कारखान्याची ग्रॅच्युइटी मोजताना मालक विचारतात, ‘तीन वर्षांत आमच्याकडे कोणीच गेलं नाही, मग मृत्युदर का धरता?’ सरासरी दर हजारी तीन धरला तर दोनशे माणसांत वर्षाला ०.६ मृत्यू अपेक्षित असतात. तीन वर्षं एकही मृत्यू होणार नाही याची शक्यता जवळजवळ सहात एक आहे, म्हणजे सहज घडणारी गोष्ट. त्यातून दराबद्दल काही कळत नाही. दोनशे माणसांवरून कळत नाही, तर एका कुटुंबातल्या एका मृत्यूवरून तुमचं वय काढणं शक्यच नाही.

तरी तो मृत्यू विसरायचाही नाही. हृदयविकार घरात असतो, आणि विमा कंपन्याही आई-वडील किंवा भावंडं साठीच्या आत हृदयविकाराने गेली का, हे विचारतात. डॉक्टर सहसा वडिलांना ५५ च्या आत हा आजार झाला असेल तर मुलाचा धोका जास्त धरतात. तुमच्या वडिलांना त्रास कधी सुरू झाला, त्यांना मधुमेह, रक्तदाब होता का, ते तंबाखू-सिगारेट घेत होते का, हे आईंना विचारून लिहून ठेवा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल हे तीन आकडे तुमच्याबद्दल जे सांगतील ते कुठलाही तक्ता सांगू शकत नाही. आणि विम्याच्या अर्जात वडिलांचं खरं लिहा. थोडा हप्ता वाढला तरी चालेल. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला ती कोणत्याही कारणाने प्रश्नात आणता येत नाही, पण त्याआधी काही घडलं तर लपवलेली गोष्ट तुमच्या पत्नीला भारी पडू शकते.

आता एजंटांचं ८५. मला ते पटत नाही. टर्म विमा तुमच्या कमाईची जागा भरण्यासाठी असतो. साठीनंतर जी कमाई नाही तिची भरपाई कशाला? एक कोटीच्या विम्यावर ४५ व्या वर्षी या तक्त्याप्रमाणे वर्षाची जोखीम २५,७९० रुपयांची होते, तर ६० व्या वर्षी १,११,६२० रुपयांची, आणि पुढे ती चढतच जाते. कंपनी स्वतःच्या अनुभवाप्रमाणे तक्त्यापेक्षा कमी दर धरते, खर्च आणि नफा मिळवते, त्यामुळे प्रत्यक्ष हप्ता याहून वेगळा निघेल. पण सगळ्या वर्षांचा हप्ता समान ठेवायचा असल्यामुळे म्हातारपणातल्या त्या महाग वर्षांचा भार तुम्ही आजपासून भरू लागता. ६० पर्यंतचा घ्या. कर्ज किंवा मुलांचं शिक्षण त्यापुढे जात असेल तर ६५ पर्यंतचा. आयुष्यभर आधार लागणारं कोणी घरात असेल, उदाहरणार्थ दिव्यांग मूल, तर मात्र लांब मुदतीचा विचार मी करेन. हप्त्यात वाचलेला पैसा निवृत्तीच्या खात्यात घाला, कारण तुमच्या हिशोबात तुटवडा तिथे आहे. लवकर जाण्याची काळजी विमा घेतो. उशिरापर्यंत जगण्याची काळजी तुमच्या बचतीने आणि काही प्रमाणात आजन्म पेन्शनने घ्यायची आहे. त्या पेन्शनमध्ये सगळी रक्कम घालू नका, महागाई वाढते तशी ती बहुधा वाढत नाही. पण किराणा, वीज, औषधं एवढा महिन्याचा खर्च भागेल इतका भाग आणि दोघांच्या हयातीपर्यंत चालणारा प्रकार, एवढं जरूर करा.

आणि आई. ७२ वर्षांच्या बाईंचं आयुर्मान उलटून गेलेलं नाही, ते ७२ पासून नव्याने मोजायचं असतं. भारतात सत्तरीला पोचलेल्या स्त्रीपुढे सरासरी दहाहून जास्त वर्षं असतात, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी ८५ पार करतात. त्यांच्या नावावरची रक्कम आणि आरोग्य विमा त्यांच्या नव्वदीपर्यंत पुरेल असा बघा. ‘आता किती दिवस’ असं म्हणून आरोग्य विमा बंद करू नका, या वयात नवा मिळणं कठीण आणि महाग असतं. त्यांच्या ठेवी मोडून तुमच्या कर्जात घालायचा विचार असेल तर तोही सोडा.

पत्नीचं वय, त्या कमावतात का, गृहकर्जाची किती वर्षं उरली आहेत आणि तुम्ही तंबाखू घेता का, एवढं लिहिलंत तर विमा किती रकमेचा घ्यावा याचाही हिशोब मांडून देईन.